एल्डनचा नऊ कळ्यांचा दांडा

...आणि वर मलाच म्हणतात, "ट्विला, तू काही करू नकोस, तू फक्त मोज!" फक्त मोज! जसं काही मोजणं म्हणजे काही करणंच नाही! अहो, तुम्ही कधी दुसऱ्याच्या बागेत, दुसऱ्याचे रबरी बूट घालून, चिखलात वाकून, कानाला फोन लावून फुलझाडाच्या कळ्या मोजल्यात का? नाही ना? मग ऐका. आणि मध्ये बोलू नका, कारण मी एकदा थांबले की कुठे होते ते मला आठवत नाही. आमचा व्हर्न म्हणतो, इतकी वर्षं झाली लग्नाला, तुला थांबलेलं मी अजून पाहिलं नाही. पण व्हर्नचं जाऊ द्या, व्हर्नने काय दिवे लावले ते पुढे सांगतेच.

तर एल्डन. एल्डन हावलिक. आमचे शेजारी. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची अख्खी बाग दिसते... म्हणजे मी काही मुद्दाम बघत नाही हां! भांडी घासायची जागाच खिडकीखाली आहे, भांडी घासताना माणसाला डोळे कुठेतरी ठेवायला लागतात, मी ते तिथे ठेवते. आणि काय बाग आहे म्हणून सांगू! आयरिस, आयरिस आणि आयरिस. नेब्रास्कात आयरिस कुणाच्या दारात नाही सांगा, आमच्याकडे गुरांच्या कुंपणालासुद्धा उगवते, पण एल्डनची म्हणजे कमरेच्या वर जाणारी, तलवारीसारखी पानं, तीन पाकळ्या वर, तीन खाली, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर सुरवंट बसल्यासारखी केसाळ दाढी. आणि एल्डन ती नुसती लावत नाहीत, नवीन तयार करतात! मधमाशीचं काम स्वतः करतात हो. चिमटा घेऊन या फुलाची भुकटी त्या फुलाला. मग बी धरणार, मग ते पेरणार, मग दोन-तीन वर्षं वाट बघणार, आणि मग मे महिन्यात शेकडो नवीन रोपं पहिल्यांदा फुलली की सकाळी कॉफीचा मग घेऊन रांगेतून फिरणार आणि एकेकीच्या दांड्याला नारिंगी फीत बांधत सुटणार. नारिंगी फीत म्हणजे बाद!

पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा जीव कळवळला. एक फूल तर असं, लग्नातल्या झग्यासारखं, गुलाबी, झालरच झालर... आणि बांधली फीत! मी खिडकी उघडून ओरडले, "एल्डन, अहो तिनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"चारच कळ्या, ट्विला."

"मग चार काय कमी आहेत?"

तेव्हा ते कुंपणाशी आले आणि मला शिकवायला लागले. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊकच आहे, शाळा संपली आणि मी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत बसले, पण एल्डननी कधी मला अडाणी समजून सांगितलं नाही, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "एक फूल टिकतं दोन दिवस, फार तर तीन. चार कळ्या म्हणजे आठवड्यात कारभार आटोपला. मग पुढे वर्षभर काय, पानं बघत बसायचं? कळ्या भरपूर पाहिजेत. एक मिटली की दुसरी हजर." आणि मग फांद्या! "ही बघ, फांदी दांड्याला चिकटून वर गेलीये. फूल उमलायला लागलं की दांड्यावर नाक आपटणार. आणि ही बघ, हिच्या सगळ्या कळ्या टोकाला गोळा झाल्यात, चर्चच्या जेवणात सगळे एकाच टेबलाशी उभे असतात तशा."

"मग पाहिजे तरी कशी?"

"फांदी बाहेर निघून मग हळूच वर वळायला पाहिजे. एक या अंगाला, एक त्या अंगाला, मध्ये अंतर सोडून. प्रत्येक फुलाला आपापली जागा. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत नाही."

मी म्हटलं, "एल्डन, आमच्या घराण्याचा एक फोटो असा निघालेला नाही, आणि तुम्ही ही अपेक्षा फुलांकडून करता!"

हसले. हसतात फार छान. आणि बाद झालेली फुलं काही वाया जात नाहीत बरं का. आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेला सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी सजवतं. कॉफीचा रिकामा डबा घ्यायचा, त्याला चकचकीत चांदीचा कागद गुंडाळायचा, तळाशी खडी, पाणी, आणि त्यात दारातली फुलं. तर एल्डनचं सगळ्या गावाला सांगणं आहे, नारिंगी फीत दिसली की न विचारता कापा. गाव येतं, कापतं, आणि आमचं कबरस्थान असं फुलतं म्हणून सांगू... त्यांची नापास फुलं आमच्या मेलेल्यांना पास! भाग्य लागतं हो, असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

आता नुसत्या फुलांसाठी म्हणत नाही मी. ज्या हिवाळ्यात व्हर्नच्या छातीत दुखलं ना, बाहेर असं बर्फाचं वादळ की स्वतःचा हात दिसेना. रुग्णवाहिका गावात आली, पण आमच्या रस्त्यावर शिरेना. एल्डननी आपला जुनापुराणा ट्रॅक्टर काढला, पुढे बर्फ सारायचं पातं, आणि रुग्णवाहिकेच्या पुढे ट्रॅक्टर चालवत हमरस्त्यापर्यंत वाट काढून दिली. टोपी विसरले होते. कान काळे-निळे झालेले. नंतर मी आभार मानायला जर्दाळू भरलेले गोड पाव, आमचे कोलाचे, घेऊन गेले, तर म्हणाले, "त्यात काय, तुमच्या दारातला बर्फ मला तसाही आवडत नव्हता." बोला! असल्या माणसाचे आभार तरी कसे मानायचे? कोलाचे मात्र सगळे खाल्ले.

तर असे आमचे एल्डन या एप्रिलमध्ये छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढले. या वयात! मी खिडकीतून ओरडले, "खाली उतरा!" ते म्हणाले, "उतरतोच आहे!" आणि उतरले... शिडी सोडून! खुब्याचं हाड. शस्त्रक्रिया झाली, आणि मग शेजारच्या गावात ते आजाऱ्यांना परत चालायला शिकवतात ना, त्या घरात ठेवलं. फिनिक्सहून त्यांची मुलगी आली, जॅनेल. पोरगी चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही, पण पहिल्या दिवसापासून एकच, "पप्पा, पुरे झालं. घर विका. माझ्याकडे चला. तिथे बर्फ नाही, पन्हळ नाही, अंगणातसुद्धा नुसती खडी, काही करायला नको."

अंगणात खडी! एल्डनना!

मी वाट बघत होते ते तिला झाडतील. पण ते पलंगावर पडून छताकडे बघत होते, आणि म्हणाले, "यंदा आयरिसचे परीक्षक येणार आहेत, जॅनेल. सतरा-चार बघायला. ती त्यांच्या मनात भरली तर राहतो. नाही तर येतो तुझ्याबरोबर. मग उगाच कशासाठी राहायचं?"

माझ्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. सतरा-चार म्हणजे काय ते सांगते. त्यांच्यात नवीन रोपाला नाव देत नाहीत, नुसता आकडा, नाव मिळतं ते लायकी सिद्ध झाल्यावर. आणि सतरा-चार ही त्यांची लाडकी. काकवीसारखा तपकिरी रंग, आणि दाढीच्या खाली एक निळा डाग, शर्टावर शाई सांडावी तसा. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा फुलली तेव्हा दांडा लहान होता, पण फांद्या बघून एल्डन कॉफी प्यायची विसरले होते, मी पाहिलं ना खिडकीतून... म्हणजे दिसलं. तर आता त्या एका दांड्यावर हा माणूस राहणार की जाणार! आणि गेला, तर माझ्या खिडकीसमोर कोण येणार? कुठलं तरी जोडपं येणार, ती बाग नांगरून तिथे पोहण्याचा तलाव करणार, आणि मी भांडी घासताना त्यांच्या ओल्या पोटऱ्या बघत बसणार!

तेव्हा एल्डननी माझा हात धरला आणि म्हणाले ते वाक्य. "ट्विला, तू काही करू नकोस. तू फक्त मोज."

झालं! माझी चाकरी सुरू. रोज सकाळी त्यांचे बूट घालून बागेत, आणि फोन.

"किती?"

"पाच."

"परत मोज."

"पाचच आहेत हो, मला पाचपर्यंत येतं!"

"दिसतात त्या नको मोजू. फांदीच्या टोकाला कागदासारखं हिरवं आवरण आहे ना, ते दोन बोटांत धर. हलकं दाब. मोज्यात अक्रोड लपवला असेल तर कसा लागेल, तसं लागतंय का?"

दाबलं. आणि तुम्हाला सांगते, लागलं! एकीच्या मागे दुसरी, गुपचूप बसलेली! माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "एल्डन, आत अजून आहेत!" तिकडून मग हळूच, "टोकाला किती?" टोकाला तीन. "खाली फांद्या?" तीन फांद्या, प्रत्येकीला दोन-दोन. "कुठल्या अंगाला?" एक तुमच्या घराकडे, एक माझ्या घराकडे, एक रस्त्याकडे. "चिकटून?" नाही हो, मधून माझा हात जातो!

"म्हणजे ट्विला..."

"म्हणजे नऊ, एल्डन. नऊ!"

फोनमध्ये नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "परत मोज."

असे दिवस गेले. आणि मला तर वेडच लागलं हो! चर्चमध्ये वेदीवर कुणीतरी आयरिस ठेवलेल्या, प्रवचन चालू, आणि मी पहिल्या रांगेत बोटांवर मोजतेय, सहा, सात... पास्टरना वाटलं मी प्रार्थना करतेय, नंतर मुद्दाम येऊन माझा हात दाबला, "ट्विला, तुझी भक्ती बघून बरं वाटलं." मी काय सांगू त्यांना, की तुमच्या वेदीवरच्या फांद्या चिकटून आहेत म्हणून? वाणसामानाच्या दुकानाबाहेरची मोजली, बँकेबाहेरची मोजली, पाव्हेल्काबाईंच्या दारातली मोजायला वाकले तर त्यांचा कुत्रा मागे लागला. आणि सगळ्या गावात, सांगते ना, सतरा-चारच्या तोडीची एक नाही! भाग्य लागतं हो, असा शेजारी मिळायला... एरवी मी या वयात काही नवीन शिकले असते का?

आणि मग सुटला वारा.

आमचा वारा तुम्हाला ठाऊक आहे, तो सुटला की गायीसुद्धा एका बाजूला कलून उभ्या राहतात. दुपारी मी खिडकीतून बघते तर अख्खी बाग अशी डोलतेय, मग सतरा-चारचं काय! पळत गेले, व्हर्नच्या टोमॅटोची काठी उपटली, माझे जुने नायलॉनचे लांब मोजे कापले, आणि दांडा असा छान बांधून टाकला, आमच्या आजीने मला थंडीत बांधलं असतं तसा. आणि मोठ्या अभिमानाने फोन, "एल्डन, काळजी करू नका, मी तिला काठी लावली!"

"काय लावली?"

"काठी. आणि मोजे..."

"काढ! आत्ताच्या आत्ता काढ! परीक्षकाला काठी दिसली की संपलं! दांडा आपल्या पायावर उभा राहत नाही असं लिहितील ते! काठी लावून उभा केलेला दांडा म्हणजे... म्हणजे..." त्या घरातली नर्स मागून ओरडली, "मिस्टर हावलिक, खुर्चीत बसा!" म्हणजे बघा, माणूस स्वतः काठीशिवाय उभा राहत नव्हता, तो माझ्या काठीवरून संतापून उभा राहिला होता! नर्स नंतर म्हणाली, इतक्या दिवसांच्या व्यायामाने झालं नाही ते तुमच्या फोनने झालं.

काढली बाई काठी. मोजेही काढले. पण जिवाला चैन पडेना, वारा तर सुरूच. आणि माझे डोळे हल्ली लांबचं धड बघत नाहीत, खिडकीतून शेकडो दांड्यांत आपला कुठला ते ओळखू येईना, उभा आहे की आडवा कळेना. मग काय केलं, एल्डनच्या शेडमध्ये गेले, समोर खुंटीला एक फितीचं भेंडोळं लटकत होतं, लांबून झळाळून दिसेल असं, म्हटलं वा! इतकीशी तोडली, दांड्याच्या बुडाशी बांधली, घरी आले, खिडकीतून बघितलं, छान दिसत होती. झोप लागली मला त्या दिवशी गाढ.

तुमच्या लक्षात आलंय ना? माझ्या नाही आलं! सगळं गाव लहानपणापासून ओळखतं ती फीत, मी दर वर्षी त्या फितीला नावं ठेवते, आणि मला तेव्हा फक्त रंग दिसला हो, नारिंगी!

परीक्षक यायचे शनिवारी. मी खसखशीचे कोलाचे आदल्या दिवशीच करून ठेवले, आणि सकाळी केस बसवून घ्यायला गेले, कारण बाहेरगावची माणसं येणार, एल्डनची बाजू मांडायची, आणि डोक्यावर घरटं घेऊन कसं उभं राहायचं? परत आले तर व्हर्न पायरीवर बसून कॉफी पीत होता. खूश! दर वर्षी त्याच्या आईच्या कबरीचं मीच सगळं करते, हा नुसता गाडीत बसून राहतो. आणि यंदा...

"तुझं काम वाचवलं," म्हणाला. "आईकडे जाऊन आलो. डबा केला, कागद लावला, खडी घातली. आणि फूल नेलंय ना, बघशील तर! एवढं उंच! तपकिरी. आईला तपकिरी आवडायचं."

मी म्हटलं, "व्हर्न. तपकिरी कुठलं?"

"एल्डनकडचं. फीत होती की."

"ती फीत मी बांधली होती!"

"मग तू कशाला बाद केलीस? चांगली होती."

मला पायरीवर बसावं लागलं. बसवलेल्या केसांसकट. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून व्हॅन वळली.

आठ-दहा माणसं उतरली, गळ्यात ओळखपत्रं, डोक्यावर टोप्या, आणि सगळ्यांच्या पुढे लिंडहोमबाई. ऑर्फा लिंडहोम. एल्डन या बाईंचं नाव आवाज खाली आणून घेतात. सत्तरीच्या, ताठ, टोपीची दोरी हनुवटीखाली बांधलेली, हातात पेन्सिल. बोट नाही लावत फुलाला, पेन्सिलीने दाखवतात. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हावलिक यांची सतरा-चार?"

आता सतरा-चारच्या कंदाला दुसराही एक दांडा होता. बुटका. पाच कळ्या, आणि फांद्या अशा चिकटलेल्या, जशी काही त्यांना थंडी वाजतेय. मी काय करणार, नेलं त्याच्यासमोर. बाई वाकल्या. पेन्सिल वरून खाली आली, परत वर गेली.

"रंग सुरेख आहे," म्हणाल्या. आणि तो आवाज ऐकूनच मला कळलं, आमच्या पोराला शाळेत बाई 'स्वभावाने गोड आहे' म्हणायच्या, तोच आवाज! "पण पाचच कळ्या. आणि या फांद्या..." पेन्सिल वहीकडे वळली.

आणि मला ते सगळं दिसलं हो. ती खडी. ते फिनिक्सचं अंगण. खडीत मांडलेल्या खुर्चीत आमचे एल्डन, समोर बघायला काही नाही...

मी ओरडलेच, "थांबा! लिहू नका! नऊ कळ्यांचा दांडा होता इथे, हा बघा बुडखा, ताजा आहे, हात लावून बघा! तो आमच्या सासूबाईंकडे गेलाय!"

बाई म्हणाल्या, "मग त्यांच्याकडून आणा."

"त्या कबरस्थानात आहेत!"

"कधी येतील?"

मागून व्हर्न शांतपणे म्हणाला, "लवकर नाही यायच्या."

मग मी सगळं सांगितलं, खुबा, शिडी, फीत, वारा, जॅनेल, खडी, एका दमात, जसं तुम्हाला सांगतेय तसंच. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे बघा, कापलेल्या दांड्यावर मत देता येत नाही. झाड मुळावर उभं पाहिजे. तो नियम आहे." मी म्हटलं, "मत नका देऊ हो, नुसतं बघा! बघायला कुठला नियम आडवा येतो?" त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. बाकीच्यांच्या तोंडात कोलाचे होते, नाही कुणी म्हणू शकलं नाही.

तर व्हर्नचा ट्रक पुढे, व्हॅन मागे, आणि आमची वरात निघाली कबरस्थानात. तिथे काय, शनिवार, सगळं गाव जमलेलं, आणि वाऱ्याने हैदोस घातलेला. डबे आडवे, पिओनीची फुलं जमिनीला लोळतायत, पाकळ्या कुणाच्या कुणाच्या कबरीवर. आणि सासूबाईंच्या दगडाशी... अहो, मला आता पण भरून येतं... सासूबाईंच्या दगडाशी तो दांडा उभा. ताठ! कॉफीच्या डब्यात, खडीत रोवलेला, आजूबाजूला सगळे झोपलेत, आणि हा एकटा उभा. टोकाचं एक फूल मिटून गेलेलं, दुसरं उमललेलं, खाली एका फांदीवर अजून एक नुकतं उघडत होतं, आणि एकाचा एकाला धक्का नाही.

लिंडहोमबाई गुडघ्यावर बसल्या. त्यांच्यामागे सगळे बसले, टोप्या काढून, ऊन लागू नये म्हणून फुलावर सावली धरायला. पेन्सिल फिरायला लागली. बाई मोजतायत, आणि मी ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर मोजतेय... मिटलेलं धरून टोकाला तीन... आणि दोन... आणि दोन... त्यांनी आवरणं दोन बोटांत धरून दाबली. मला बरं वाटलं, पेन्सिलवाल्या बाईंनासुद्धा शेवटी बोटंच लावावी लागतात. शेजारच्या कबरीवरून पाव्हेल्काबाई आपली फुलं सोडून बघत राहिल्या, डोळ्याला रुमाल लावून माझ्या कानाशी आल्या, "ट्विला, तुझ्या सासूबाईंना बाहेरगावीसुद्धा इतकी माणसं मानत होती, मला ठाऊकच नव्हतं!"

मी म्हटलं, "मलाही नव्हतं."

"नऊ," बाई म्हणाल्या. मग उठल्या, गुडघे झटकले. "फोन लावून द्या त्यांना."

लावला. मी बाईंच्या कानाशी कान लावून ऐकत होते... अहो, ऐकायलाच पाहिजे होतं ना!

"मिस्टर हावलिक, ऑर्फा लिंडहोम बोलतेय. तुमचा दांडा मी आत्ता कबरस्थानात बघितला."

तिकडून मग बारीक आवाजात, "मेला का?"

"नाही. इथे सगळ्यांत ताठ तोच उभा आहे."

परत नाक शिंकरल्याचा आवाज. मग बाई म्हणाल्या, "ऐका. यंदा मी काही लिहू शकत नाही. पण तसंही एका वर्षावर कुणी शहाणं माणूस लिहीत नाही. पुढच्या मेमध्ये मी येणार. मुळावर उभी बघणार. आणि दांडा दाखवायला तुम्ही स्वतः हजर पाहिजे, शेजारीण नको." शेजारीण नको म्हणाल्या! माझे कोलाचे खाऊन! आणि वर, "शिवाय ती दुसऱ्याच्या मातीतही अशीच वाढते का ते कळायला हवं. एक कंद दुसरीकडे कुठेतरी लावा. जवळ कुणाची जागा आहे का?"

तिकडून आमचे एल्डन, खुबा मोडलेले, पलंगावर पडलेले, पण आवाज बघा कसा, घोड्यासारखा, "आहे की! व्हर्नचा टोमॅटोचा वाफा!"

व्हर्न म्हणाला, "काय?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, "चालेल."

मी तिथेच सासूबाईंच्या दगडावर हात ठेवून उभी राहिले. एक वर्ष! अजून एक अख्खं वर्ष एल्डन माझ्या खिडकीसमोर! शिडीला मी कुलूप लावणार आहे, ते वेगळं. भाग्य लागतं हो, असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, आणि मला तर ते फितीच्या चुकीने मिळालं.

जॅनेलचा फोन आला, चिडलेली. "ट्विलामावशी, तुम्ही पप्पांना काय सांगितलंत? म्हणतात पुढच्या मेपर्यंत हलणार नाही!" मी म्हटलं, "मी काही नाही गं सांगितलं, मी फक्त मोजलं." "आणि पुढच्या मेनंतर?" मी विचारते ना, म्हटलं. विचारलं. तर एल्डन म्हणाले, "पुढच्या मेमध्ये सतरा-चारचं बी धरायचं, ट्विला. त्याची पोरं फुलायला तीन वर्षं." मी जॅनेलला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

परवा मी त्यांना भेटायला गेले तर काठीच्या आधाराने दारापर्यंत आले होते. बसले, कोलाचे खाल्ले, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "ट्विला, एक विचारू? राग मानू नकोस. पुढच्या वर्षी मेमोरियल डेला, व्हर्नच्या आईसाठी... जरा प्लास्टिकची फुलं आणशील का?"

प्लास्टिकची! सासूबाईंना प्लास्टिकचा असा तिटकारा, की मी एकदा त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचे गुलाब ठेवले तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या!

मी म्हटलं, "आणते, एल्डन. त्या जिवंत होत्या तेव्हाही माझ्यावर नाराजच असायच्या."